पाच वर्षांचा मक्ता

समोरच्या घरातली मुलगी यंदा मॅट्रिकला आहे. आमच्या वेळी ती अकरावीला असायची, आता दहावी म्हणतात, पण माझ्या तोंडातून मॅट्रिकच निघतं. सकाळच्या चहापासून तिचा भूगोल सुरू होतो. वाचते मोठ्यानं, आणि अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. परवा तिची आई म्हणाली, "गुरुजी, पोट्टीच्या आवाजाचा तुमाले तरास तं नाई न होत?" मी म्हटलं, "नाई बाप्पा, वाचू द्या." त्रास होतोच, पण तो तिच्या आवाजाचा नाही, म्हणून तसं सांगितलं.

फाल्गुन अर्धा सरला की दारव्ह्याच्या भोवतालचं रान रिकामं व्हायला लागतं. कापसाची शेवटची वेचणी झालेली असते, पऱ्हाट्या उपटून त्यांचे भारे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलेले असतात. तुराट्या घराघरांच्या भिंतीला टेकून उभ्या असतात. पळसाला पान नसतं, नुसती फुलं. दुपारी वारा सुटला की गव्हाच्या खळ्यावरचा भुसा थेट गावात येतो, आणि कडुनिंबाचा मोहोर असा काही वास सोडतो की तो कडू म्हणावा की गोड, हे मला या वयापर्यंत ठरवता आलेलं नाही. शेतकऱ्याच्या घरात हे दिवस जरा हात मोकळे होण्याचे. मी मास्तर झालो आणि माझ्यासाठी हाच वास परीक्षेचा झाला. बाकांवर खडूनं घातलेले नंबर, शाईच्या दौती, लाखेचं सील फोडताना हेडमास्तरांचा गंभीर चेहरा. जन्मभर वर्गावर्गातून पहारा करत फिरलो. कुठल्याही वर्गात शिरलो की नजर आधी रिकाम्या बाकावर जायची. आजारपणानं कोणी आलेलं नसे, कोणी घाबरून घरी राहिलेलं असे. मला तिथं दरवर्षी कुसुम न बसलेली दिसायची.

कुसुम माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दादा गावी शेती पाहायचा, मी दारव्ह्याला हायस्कुलात शिकवायचो. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत, पुढं तीन वर्षं ती शेजारच्या गावी पोरांबरोबर पायी गेली, आणि आठवीला दादानं तिला माझ्याकडे आणून सोडलं. बैलगाडीतून उतरताना तिच्या एका हातात पत्र्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी. दादा म्हणाला, "घे, तुही मास्तरकी आता घरातच कर. हे पोट्टी गावातली पयली मॅट्रिक झाली पायजे." असं म्हणताना त्याचा आवाज सबंध गल्लीनं ऐकला. दादाचा आवाजच तसा. वावराच्या या धुऱ्यावरून त्यानं हाळी दिली की पलीकडल्या विहिरीवरचा माणूस मोट थांबवून मान वर करायचा. लहानपणी मला त्या आवाजाची लाज वाटायची. बाजारात तो माझ्याशी बोलला की वाटायचं, सगळ्या दारव्ह्याला आपल्या घरचं कळलं.

कुसुमला गणित यायचं. यायचं म्हणजे ते तिला शिकवावं लागत नसे, आठवण करून दिल्यासारखं नुसतं सांगावं लागे. भाकरी थापता थापता ती माझ्या बायकोला सांगायची की परातीचा परीघ अमुक एवढा असला पाहिजे. बायको म्हणायची, "परीघ राहू दे, भाकर करपून राह्यली ते पाय." मग दोघी हसायच्या. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं त्या चार वर्षांत आमच्या घरात जेवढा आवाज झाला तेवढा ना आधी झाला, ना नंतर.

दादा आजारी पडला तो ती नववीत असताना. बिडी तो मिसरूड फुटायच्या आधीपासून ओढायचा, खोकला कायमचाच होता. पण कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत थुंकीतून रक्त पडलं. आधी सगळ्यांनी क्षय धरला. क्षयाच्या सुया झाल्या, अंडी झाली, वहिनीनं त्याचा पेला वेगळा केला. मग नागपुरात एका डॉक्टरांनी छातीचा फोटो बराच वेळ उजेडाकडे धरला आणि मुंबईला जायला सांगितलं. आमच्या छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मुंबई मेल. दादाचा एवढा लांबचा तो पहिलाच प्रवास. तो खिडकीतून प्रत्येक जिल्ह्याची पऱ्हाटी पाहत होता आणि आपल्यासारखी नाही, असं म्हणत होता.

मुंबईत त्याचं डावं फुप्फुस काढलं. सबंध. आजाराचं नाव डॉक्टरांनी मला सांगितलं, मी दादाला सांगितलं, आणि दादानं गावी कोणालाच सांगायचं नाही असं ठरवलं. काखेखालून पाठीपर्यंत गेलेली ती शिवण मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खिडकीबाहेर पाहू लागलो. दादाच म्हणाला, "काहून घाबरतं? पोत्याले टाका घातला तं पोतं टिकते." पण हे वाक्य पुरं करायला त्याला मध्ये दोनदा थांबावं लागलं. तो गल्लीभर जाणारा आवाज शिवणीच्या आत राहून गेला होता. पुढं जन्मभर दादा दोन शब्द बोलायचा, श्वास घ्यायचा, मग उरलेले दोन शब्द बोलायचा.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. उंच, शांत माणूस. मराठी बोलायचे, सावकाश, प्रत्येक शब्द समजला की नाही हे पाहत. ते म्हणाले, "दर सहा महिन्यांनी छातीचा फोटो काढायचा. नागपूरला काढा, मला पाठवा. हा आजार परत यायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. पाच वर्षं छाती स्वच्छ राहिली तर मग भीती फार कमी. पाच वर्षांनी मात्र स्वतः या. मला तुम्हाला पाहायचं आहे." यापेक्षा सोपं कोणाला सांगता येईल असं मला वाटत नाही. दादानं मान डोलावली. परतीच्या गाडीत भुसावळ गेल्यावर म्हणाला, "म्हंजे पाच वर्साचा मक्ता भेटला मले."

मी समजावलं. म्हटलं, दादा, मक्ता नाही हा. मक्ता संपला की वावर सोडावं लागतं. हे उलटं आहे, पाच वर्षं काढलीस की वावर तुझं. तो माझ्याकडे पाहून हसला. शहाण्या धाकट्या भावाकडे थोरले भाऊ जसे हसतात तसा. आमच्या भागात जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची तर मुदत ठरवून मक्त्यानं देतात. मुदत म्हटली की तिचा शेवट आला, आणि शेवट म्हणजे सोडणं. दादाच्या डोक्यात मुदतीचा दुसरा अर्थच नव्हता. त्यानं डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतं, पण समजून घेताना ते वावराच्या भाषेत समजून घेतलं.

आणि खरं सांगायचं तर, नाव न सांगताही आजार ओळखलेल्या गावानंही त्याला दुसरं काही समजू दिलं नाही. मरणाचे सगळे रिवाज आमच्याकडे आहेत. कोणी कोणत्या दिवशी यायचं, काय आणायचं, किती बोलायचं, कोणत्या दिवशी गोड करायचं, सगळं ठरलेलं. पण असल्या आजारातून परत आलेल्या माणसाशी कसं वागायचं, याचा एकही रिवाज नव्हता, कारण तोवर तसा कोणी परत आलाच नव्हता. मग लोकांनी त्यांना ठाऊक असलेलाच वापरला. येत, खालच्या आवाजात बोलत, केळी ठेवत, वहिनीकडे पाहून मान हलवत, आणि निघताना "येतो" न म्हणता नुसतेच उठत. पुढच्या साली कोणत्या वावरात काय पेरायचं, हे बोलणं निघालं की दादासमोर विषय बदलायचे. शेजारी त्याला, पुन्हा खाईल न खाईल म्हणून, वडीच्या भाजीतल्या वड्याच वड्या वाढायचे. एकदा तो मला म्हणाला, "मले लोकं तेरवीच्या पाटावर बसवून राह्यले. पंगत माहीच, अन् जेवतोबी मीच."

घरात कापूस ठेवायचं बंद झालं. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत माजघरात आढ्यापर्यंत कापूस रचलेला असायचा, पोरं त्यात उड्या मारायची, थंडीत आम्ही त्याला पाठ लावून निजायचो. दादाच्या उरलेल्या फुप्फुसाला तंतू लागू नये म्हणून त्या साली कापूस वावरातूनच परस्पर बाजारात गेला. त्या हिवाळ्यात मी गावी गेलो तर माजघरात नुसती भुई होती आणि बोललं की आवाज घुमायचा. दादा ओसरीवर उशीला टेकून अर्धा बसलेला, डावा खांदा खाली उतरलेला. त्याला आडवं पडलं की दम लागायचा. मी आत डोकावलो ते त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "सारं झाडून-पुसून ठेवलं त्यायनं, मी जायच्या आंधीच."

वावर त्यानं रामधन नायकाला दिलं. रामधन जवळच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्यापणज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता, बापानं पहिल्यांदा जमीन धरली, आणि रामधन आमच्यापेक्षा चांगली पऱ्हाटी काढायचा. कुळकायद्याची भीती घालणारे गावात कमी नव्हते. एकदा दिलेलं वावर परत येत नाही, म्हणायचे. दादानं ऐकलं नाही. किती वर्षांसाठी, असं रामधननं विचारलं. दादा म्हणाला, "पाच." रामधनला त्या आकड्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मी तिथं फक्त साक्षीला होतो.

असं असूनही दादा बरा होत होता, हे मला दर खेपेला दिसायचं. पहिल्या उन्हाळ्यात तो दारापर्यंत चालायचा. पावसाळ्यात मारुतीच्या पारापर्यंत. पुढच्या वेचणीला वावरापर्यंत. धुरा चढताना श्वास पुरेना की तो थांबायचा आणि रामधनची पऱ्हाटी पाहत असल्यासारखं करायचा. बोंड हातात घेऊन दाबायचा, माती उकरायचा. दम परत आला की पुढं. असा थांबत थांबत तो सगळं वावर फिरायचा. नागपूरचे फोटो स्वच्छ येत होते. दादा काढून परतला की ते मागाहून मी कापडात गुंडाळून एस.टी.त मांडीवर धरून आणायचो, आणि दादाला दाखवायचो. डाव्या बाजूला पांढरं, उजव्या बाजूला काळं. तो म्हणायचा, "काळं चांगलं का पांढरं?" मी म्हणायचो काळं. तो म्हणायचा, "पाय बाप्पा, अथी उलटंच हाय सारं."

मग त्या दिवाळीचं झालं. मुंबईच्या दवाखान्यात त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाटांवर दोघं जण होते. एक खान्देशातला केळीचा शेतकरी, दुसरा कोकणातला, जहाजावर काम केलेला. तिघांचं ऑपरेशन एकाच आठवड्यातलं. निघताना तिघांनी ठरवलं की दर दिवाळीला एकमेकांना कार्ड टाकायचं. पहिल्या दिवाळीला दोघांची कार्डं आली. खान्देशवाल्यानं लिहिलं होतं की त्यानं नवीन विहीर खणायला काढली आहे. दादानं ते कार्ड सगळ्या गावाला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवाळीला दोघांचीही आली नाहीत. दादानं कार्तिक सरेपर्यंत पोस्टमनची वाट पाहिली. पौषात त्याला सर्दी झाली, ताप आला, खोकला धरला. डॉक्टर म्हणाले साधी थंडी आहे. आठ दिवसांत उतरलाही ताप. पण तेवढ्यात दादाच्या मनानं त्या दोघांची वाट धरली होती.

माघाच्या सुरुवातीला तो गाडी जुंपून स्वतः दारव्ह्याला आला. मी शाळेतून परतलो तर ओट्यावर बसलेला. आत कुसुम भूमितीची प्रमेयं म्हणत होती. परीक्षा फाल्गुनाच्या शेवटाला, दोन महिन्यांवर होती. दादा म्हणाला, "पुसदकडचं ठिकाण हाय. पोरगं चांगलं, दोन भाऊ, वावर हाय. त्यायले पोट्टी पसंत हाय. पंधरा दिवसात बार उडवून देऊ."

मी म्हटलं, "दादा, परीक्षा आहे तिची. वैशाखात करू."

"वैशाखात गुरूचा अस्त हाय. महाराजानं पंचांग पाह्यलं. मंग पावसायीचे दिवस. मंग दिवाळीच्या आंधी कोठी मुहूर्त हाय?" त्यानं श्वास घेतला. "अन् मधात माहं काई झालं तं? वर्साच्या आत करा नाई तं तीन वर्सं थांबा. तीन वर्सं कोण थांबते? कन्यादान कोण करते, तू?"

मी भांडलो. धाकट्या भावाला जितकं भांडता येतं तितकं सगळं भांडलो. डॉक्टरांचे शब्द पुन्हा सांगितले, फोटो काढून दाखवला. बायकोनं चहा आणला तो तसाच निवला. दादा सारखा एकच म्हणत होता, "तुले माहीत नाई." आणि ते खरंच होतं. रात्री-बेरात्री जाग आली की आपल्याच छातीचा आवाज ऐकत पडणं काय असतं, हे मला माहीत नव्हतं. मी दोन फुप्फुसांनी भांडत होतो.

आतलं प्रमेय थांबलं होतं. कुसुम दाराशी आली. तिनं बापाच्या पाया पडून एवढंच म्हटलं, "बाबा, पेपर झाल्यावर करा न. मी लग्नाले नाई म्हणून नाई राह्यली. पेपर झाल्यावर करा."

दादानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "पेपर दरसाल येते बाई. बाप दरसाल येत नाई."

ती आत गेली. थोड्या वेळानं प्रमेय पुन्हा सुरू झालं, पण आता आवाज न काढता. ओठ हलत होते ते मला दारातून दिसत होते.

लग्न चांगलं झालं, असंच म्हणायला हवं. व्याही माणसं सरळ होती. दादानं मांडवातच त्यांच्यापुढं हात जोडले की मुलीला परीक्षेपुरतं दारव्ह्याला पाठवा, मास्तर येऊन घेऊन जातील. व्याही म्हणाले, "पाहू न." मी ठरल्या दिवशी पुसदची एस.टी. धरून गेलो. कुसुम नव्या लुगड्यात चुलीपुढं बसली होती, हातात अजून लग्नाचा चुडा. तिची आजेसासू खाटेवरून म्हणाली, "मास्तर, तुमी शिकले-सवरलेले. हळदीच्या आंगाची नवरी शीव वलांडून पोट्ट्यायच्या मधात बाकावर बसवता? काई झालं तं आमचं नाव. पुढल्या साली बसंन." तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. हळद पुरती उतरायच्या आधी नव्या नवरीनं शीव ओलांडू नये, हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं मला पायथागोरस ठाऊक नव्हतं. मी जेवून परत आलो. कुसुमनं मला दारापर्यंत पोचवलं आणि विचारलं, "काका, यंदा गणिताचा पेपर कोणत्या दिवशी हाय?" मी सांगितलं. पुढल्या साली तिला दिवस गेले होते, त्याच्या पुढल्या साली मांडीवर लेकरू होतं.

दादा मेला नाही.

हे वाक्य असं लिहायला नको होतं, पण त्या दिवसांबद्दल मला दुसरं कसंही लिहिता येत नाही. तो मेला नाही याचा आनंद आमच्या घरात होता, खरा आनंद होता. दर सहा महिन्यांनी फोटो स्वच्छ यायचा आणि वहिनी देवापुढं साखर ठेवायची. पण जसजशी साखर पडत गेली तसतसा दादा अवघडत गेला. तिसऱ्या वर्षी तो कमी बोलायला लागला. चौथ्या वर्षी मार्चच्या सुमाराला तो दारव्ह्याला येईनासा झाला. परीक्षेला निघालेली पोरं माझ्या दारावरून जातात, ती त्याला पाहावत नव्हती. मी एकदा थट्टेनं म्हटलं, "दादा, मक्ता सरत आला, आता तरी खुश हो." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा ती थट्टा केली नाही. पाच वर्षं भरली त्या पाडव्याच्या आधी रामधन आला. म्हणाला, "दादा, मुदत झाली. वावर तुमचं तुमी पाहा." सांगणारे म्हणत होते तसं काही झालं नाही, त्यानं बांधबंदिस्ती करून वावर परत दिलं. दादा मात्र दारात उभा राहून त्याच्याकडे पाहत राहिला. वावर परत घ्यायला आपण असू, हे त्यानं कधी धरलंच नव्हतं. शेवटी तोच म्हणाला, "अखीन काही वर्सं तूच वाह्य, रामधन. मले सवय नाई रायली."

त्याच महिन्यात आम्ही मुंबईला गेलो. डॉक्टरांच्या केसांत पांढरे आले होते. त्यांनी दादाला तपासलं, बोटानं पाठ वाजवली, फोटो पाहिले, सगळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग हसले. म्हणाले, "आता मी म्हणतो तुम्ही बरे झालात. थंडीत जपा, धूर टाळा, चढ सावकाश चढा. बाकी तुमचं आयुष्य तुमच्या वयाच्या इतर माणसासारखंच." त्यांना वाटलं दादा पाया पडेल. लोक पडत असणार. दादानं विचारलं, "साहेब, त्या दोघायचं काय झालं? माह्या बाजूचे." डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "सगळ्यांचं तुमच्यासारखं होत नाही. कोणाचं होईल ते आम्हालाही आधी सांगता येत नाही." दादा म्हणाला, "हाव. मलेबी नाई सांगता आलं."

परतताना आम्ही अकोल्यालाच उतरलो. दादा म्हणाला, घरी जायच्या आधी कुसुमला सांगू. पुसदच्या एस.टी.त तो खिडकीशी बसला होता. बाहेर पळस फुललेला, वाऱ्यात भुसा, थांब्याथांब्यावर नवीन शर्ट घातलेली, हातात दौत धरलेली पोरं चढत होती आणि एकमेकांना प्रश्न विचारत होती. एकानं दादाला जागा मागितली. दादानं त्याला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "कायचा पेपर हाय?" पोरगा म्हणाला, "गणित." दादानं त्याच्या हातातली दौत सांडू नये म्हणून स्वतः धरली.

कुसुमच्या अंगणात मुलगा खेळत होता, धाकटी पाळण्यात. ती आम्हाला पाहून धावली. आधी बापाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. मी म्हटलं, "बरा झाला तुझा बाप. डॉक्टरांनी सांगितलं, आता आजार परत यायचा नाही." तिनं तिथंच अंगणात खाली बसून बापाचे पाय धरले आणि हसत-रडत राहिली. मग उठून आत गेली, गूळ आणला, दोघांच्या तोंडात घातला, सासूला हाक मारून सांगितलं, शेजारणीला सांगितलं. तिच्या आनंदात खोट नव्हती. मी पोटच्या पोरीसारखं तिला चार वर्षं पाहिलं होतं, मला कळलं असतं.

जेवायला बसलो. ती चुलीपुढून भाकरी वाढत होती. दादा जेवत नव्हता. श्वास घेत घेत म्हणाला, "कुसुम, आता बसतं का परीक्षेले? मी बोलतो जावयाशी. काका शिकवंन."

ती हसली. पीठ मळलेल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले. "आता मले काय आठोते, बाबा. सारं गेलं थे."

"मले वाटलं होतं," दादा म्हणाला आणि थांबला. दम लागला होता की दुसरं काही, सांगता येत नाही. "मले वाटलं, मी नाई वाचत."

"माईत हाय न, बाबा. मी काई म्हणलं का कधी?" तव्यावरची भाकर तिनं उलटली. आमच्याकडे तिची पाठ होती, त्यामुळं ती पुढचं कोणाला म्हणाली, बापाला की चुलीला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आवाज चढला नव्हता. "तुमाले पाच वर्सं भेटले, देवाची किरपा. अखीन पन्नास भेटो. पण मले दीड महिनाच पायजे होता."

मग तिनं भाकर उतरवली, तूप लावलं आणि बापाच्या ताटात वाढली.